किशोराची पहिली रायफल : निवड व शिक्षण

अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यांत स्थायिक झालेले आमचे एक वर्गणीदार बंधु लिहितात कीं, त्यांनीं गांवाबाहेर कांहीं एकर जमीन घेतली असून शेजारच्या गोठेवाल्या शेतकऱ्याशीं त्यांचा चांगला घरोबा आहे. गेल्या नोव्हेंबरांत, हरणांच्या हंगामांत, त्यांनीं आपल्या बारा वर्षांच्या मुलास बरोबर नेलें व त्याच्या हातीं स्वतःची मोठी रायफल दिली. मुलानें नेम धरला व चाप ओढला. दस्ता खांद्यावरून निसटून दंडावर बसला, दुर्बिणीची कड भुवईस लागून रक्त आलें, आणि हरीण पोटांत गोळी घेऊन न कापलेल्या मक्यांत शिरलें. रात्रीपर्यंत दिवे घेऊन शोध केला, तरी तें सांपडलें नाहीं. तेव्हांपासून मुलगा बंदुकीचें नांव काढीत नाहीं. "आतां त्याच्यासाठीं कोणती रायफल घ्यावी, कीं हा नादच सोडून द्यावा ?" असा त्यांचा प्रश्न आहे.

हा विषय शेतकीच्या मासिकांत कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, हरणांपासून पिकाचें रक्षण हा शेतकऱ्याचाच प्रश्न आहे. मग शेत सोलापूरकडील माळावर असो कीं विस्कॉन्सिनमधील मक्याच्या पट्ट्यांत असो. उपाय मात्र देशपरत्वें भिन्न आहेत. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चितळ, सांबर, काळवीट, चिंकारा इत्यादि प्राण्यांची शिकार बंद केलेली आहे, व १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें एकवीस वर्षांखालील व्यक्तीस बंदूक बाळगण्याचा परवाना सामान्यतः मिळत नाहीं. तेव्हां पुढील मजकूर येथील शेतकऱ्यानें अनुकरण करण्यासाठीं लिहिलेला नाहीं. तो तिकडे राहणाऱ्या आपल्या बांधवांसाठीं, आणि दुसऱ्या देशांत शेतकऱ्यांच्या मुलांस हें जोखमीचें काम कोणत्या क्रमानें शिकवितात हें समजून घेऊं इच्छिणाऱ्या वाचकांसाठीं आहे.

तिकडील परिस्थिति

अमेरिकेच्या पूर्व व मध्य भागांत जें हरीण सर्वत्र आढळतें, तें पांढऱ्या शेपटीचें हरीण होय. बाजारासाठीं होणाऱ्या बेसुमार शिकारीमुळें १९०० च्या सुमारास त्यांची संख्या देशभरांत अंदाजें पांच लाखांपर्यंत किंवा त्याहूनही खालीं आली होती. त्याच वर्षीं लेसी कायदा होऊन बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत चालणारा व्यापार बंद करण्यांत आला. पुढें १९३७ सालीं पिटमन-रॉबर्टसन कायदा झाला. त्यान्वयें शिकारीच्या लांब बंदुका व दारूगोळा यांवर शेंकडा ११ कर बसतो, व ती रक्कम वन्य प्राण्यांच्या जोपासनेसाठीं राज्यांस मिळते. शिकाऱ्यांच्या शिक्षणाचा खर्चही पुढें याच निधींतून होऊं लागला. नियमित हंगाम, पुन्हा वाढलेलें रान, लांडग्यांची घटलेली संख्या आणि शेतांतील मुबलक चारा यांमुळें आज तीं हरणें सुमारें तीन कोटी असावींत असा अंदाज आहे.

इतकीं हरणें मका, सोयाबीन व लसूणघास यांवर चरूं लागलीं म्हणजे काय होतें, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. विस्कॉन्सिन राज्य अशा नुकसानीची कांहीं अंशीं भरपाई देतें; परंतु भरपाई घेणाऱ्यानें आपल्या जमिनींत शिकाऱ्यांस येऊं दिलें पाहिजे अशी अट आहे. म्हणजे तेथें शिकार ही नुसती करमणूक नसून शेतीच्या व्यवस्थेचा एक भाग आहे. बंदुकीचा मुख्य हंगाम नऊ दिवसांचा असतो व तो नोव्हेंबरांत 'थँक्सगिव्हिंग' सणाच्या आधींच्या शनिवारीं सुरू होतो. या नऊ दिवसांत बाप, मुलें व शेजारी मिळून रानांत जातात, आणि बहुतेक मुलांचा पहिला बार याच हंगामांत होतो. म्हणूनच पहिल्या बंदुकीची निवड तेथें घरोघर चर्चिली जाते.

मूळ चूक

आमच्या वर्गणीदारांच्या मुलाकडून जें झालें त्यांत दोष मुलाचा नव्हता, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. गोऱ्ह्यास कामाला शिकवितांना आपण त्याच्या मानेवर थोरल्या बैलाचें जूं ठेवीत नाहीं, व पहिल्याच दिवशीं त्यास जड नांगरास जुंपीत नाहीं. जूं मानेस लागलें कीं तो बुजतो, आणि एकदां बुजलेला गोऱ्हा पुन्हा कामाला लावण्यास दुप्पट वेळ लागतो. बंदुकीचें तसेंच आहे. बाप जी बंदूक सहज पेलतो ती मुलास लांब, जड व दणकट लागते. म्हणून पहिला नियम असा कीं, पहिली रायफल मुलाच्या मापाची असावी, बापाच्या हौसेची नसावी. पुढील सर्व विवेचन या एका नियमाचा विस्तार आहे.

दस्त्याचें माप

दस्त्याच्या टोंकापासून चापापर्यंतचें अंतर हें बंदुकीचें मुख्य माप होय. मोठ्या माणसांच्या रायफलींत तें साडेतेरा ते चौदा इंच असतें; किशोरांसाठीं बनविलेल्यांत बारा ते साडेबारा इंच असतें. तें पाहण्याची सोपी रीत अशी : रायफल रिकामी असल्याची प्रथम स्वतः व मग मुलाकडून खात्री करून घ्यावी. नंतर मुलानें कोपर काटकोनांत वाकवून दस्त्याचें टोंक कोपराच्या आंतील खोबणींत टेकवावें. बोटाचें पहिलें पेर चापावर सहज पोंचलें तर माप जमलें. बोट ताणावें लागलें तर दस्ता लांब आहे.

लांब दस्त्यानें काय होतें ? मूल मान पुढें ताणतें, पाठ मागें झुकवितें, आणि दस्ता खांद्याच्या खळग्यांत न बसतां दंडावर टेकतो. मग धक्का घेण्यास खांदा नसतो. बंदूक निसटते व दुर्बीण कपाळावर येते. वर सांगितलेल्या प्रसंगांत हेंच घडलें. हल्लीं बऱ्याच किशोर-रायफलींत दस्त्याच्या टोंकाशीं काढतां-घालतां येणाऱ्या चकत्या असतात. मूल वाढेल तशा त्या वाढवाव्यात. वाढत्या वयाचा विचार करून मुद्दाम मोठी बंदूक घेणें ही काटकसर नव्हे. अंगरखा एखादे वेळीं वाढत्या अंगाचा शिवतां येतो, पण बंदूक तशी घेतां येत नाहीं.

याच वेळीं मुलाचा प्रबळ डोळा कोणता तें पाहावें. दोन्ही हात पुढें पसरून पंजांची एक लहानशी खिडकी करावी व तींतून दूरची एखादी वस्तु दोन्ही डोळ्यांनीं पाहावी. मग एकेक डोळा मिटावा. ज्या डोळ्यानें वस्तु खिडकींत राहते तो प्रबळ डोळा. तो डावा असल्यास मुलास डाव्या खांद्यावरून शिकविणें बरें, व त्या हाताची रायफलही मिळते. हें न पाहतां सुरुवात केली तर पुढें नेम कां चुकतो याचा शोध वर्षभर लागत नाहीं.

धक्क्याचें गणित

नावेंतून कांठावर उडी मारली तर नाव मागें सरते. गोळी पुढें गेली म्हणजे बंदूक मागें येते ती त्याच न्यायानें. हा धक्का मोजतां येतो, व प्रत्येक पालकानें तो एकदां तरी कागदावर मोजून पाहावा.

उदाहरणार्थ, .२४३ विंचेस्टर या काडतुसांत गोळी १०० ग्रेनांची असून तिचा वेग सेकंदास सुमारें २९६० फूट असतो. दारू सुमारें ४० ग्रेन धरूं, व तिच्या वायूचा वेग ४००० फूट धरूं. १०० × २९६० म्हणजे २,९६,०००. ४० × ४००० म्हणजे १,६०,०००. दोहोंची बेरीज ४,५६,०००. एका पौंडाचे ७००० ग्रेन, म्हणून ७००० नें भागतां सुमारें ६५ येतात. रायफल ७ पौंडांची असेल तर ६५ ÷ ७, म्हणजे सेकंदास सुमारें ९.३ फूट वेगानें ती खांद्यावर येते. या वेगाचा वर्ग करून त्यास बंदुकीच्या वजनानें गुणावें व ६४.४ नें भागावें. उत्तर सुमारें साडेनऊ फूट-पौंड येतें. हाच धक्क्याचा जोर.

याच रीतीनें, ७ पौंडांच्या रायफलींत निरनिराळ्या काडतुसांचा अदमासे धक्का पुढीलप्रमाणें निघतो. दारूच्या प्रकाराप्रमाणें यांत थोडा फरक पडतो.

.३५० लेजंड, गोळी १५० ग्रेन — ९ फूट-पौंड
.२४३ विंचेस्टर, गोळी १०० ग्रेन — ९½ फूट-पौंड
.३०-३० विंचेस्टर, गोळी १५० ग्रेन — ११ फूट-पौंड
६.५ क्रीडमूर, गोळी १४० ग्रेन — १३½ फूट-पौंड
७ मिलिमीटर-०८ रेमिंग्टन, गोळी १४० ग्रेन — १४½ फूट-पौंड
.३०८ विंचेस्टर, गोळी १५० ग्रेन — १६½ फूट-पौंड
.३०-०६ स्प्रिंगफील्ड, गोळी १८० ग्रेन — २२½ फूट-पौंड

आमच्या वर्गणीदारांनीं मुलाच्या हातीं दिलेली रायफल या यादींतील शेवटच्या काडतुसाची होती. म्हणजे .२४३ च्या दुपटीहून अधिक धक्का त्या कोंवळ्या खांद्यावर बसला.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरावी. लहान मूल म्हणून अगदीं हलकी रायफल घेण्याकडे पालकांचा कल असतो. परंतु बंदूक जितकी हलकी तितका धक्का अधिक. वरचेंच .२४३ काडतूस ६ पौंडांच्या रायफलींत ११ फूट-पौंड धक्का देतें, तर ८ पौंडांच्या रायफलींत तो सव्वाआठच राहतो. यावर तोड अशी कीं, दस्ता आंखूड घ्यावा, पण वजन फारसें कमी करूं नये. दुर्बिणीसह साडेसहा ते साडेसात पौंडांची रायफल तेराचौदा वर्षांच्या मुलास टेंकूवर ठेवून नीट सांभाळतां येते. दस्त्याच्या टोंकाशीं चांगली मऊ रबरी गादी असावी.

धक्क्याइतकाच आवाजही मुलास भिववितो. रायफलीचा आवाज १४० डेसिबलांहून अधिक असतो, व त्यानें कानास कायमची इजा होऊं शकते. म्हणून सरावाच्या वेळीं कानांत बोळे व वर कर्णकवच अशीं दोन्ही साधनें वापरावींत. पुष्कळदां मूल धक्क्यास भितें असें आपण समजतों, पण तें खरोखर आवाजास भीत असतें. एकदां मनांत धास्ती बसली म्हणजे चाप ओढण्यापूर्वींच डोळे मिटतात, खांदा पुढें येतो, आणि गोळी भलतीकडे जाते.

काडतुसाची निवड

धक्का कमी हवा हें खरें. पण हरणास तात्काळ मरण आलें पाहिजे, हेंही तितकेंच खरें. अर्धवट घायाळ जनावर रानांत सोडणें हें पाप आहे, व तें पाप लहान मुलाच्या मनावर फार काळ राहतें. म्हणून अगदीं हलकें काडतूसही कामाचें नाहीं. .२२ रिमफायर हें सरावासाठीं उत्तम, परंतु विस्कॉन्सिनमध्यें त्यानें हरीण मारण्यास कायद्यानें मनाई आहे, व ती योग्यच आहे.

हरणाच्या छातींतील हृदय व फुप्फुसें यांची जागा सुमारें आठ इंच व्यासाची असते. त्या जागीं नीट बनविलेली गोळी पुरेशा वेगानें पोंचली कीं हरीण फार दूर जात नाहीं. .२४३ हें १९५५ सालीं निघालेलें काडतूस सत्तर वर्षें हें काम करीत आलें आहे. मात्र त्यासाठीं ९५ ते १०० ग्रेनांची, हरणासाठींच बनविलेली गोळी घ्यावी. याच काडतुसांत ५५ ते ७० ग्रेनांच्या हलक्या गोळ्याही मिळतात. त्या लहान उपद्रवी प्राण्यांसाठीं असतात, व हरणाच्या खांद्यावर वरवरच फुटतात. दुकानदारानें स्वस्त म्हणून पुढें केल्या तरी त्या घेऊं नयेत.

थोडा अधिक धक्का सोसणाऱ्या मुलास १९८० सालीं निघालेलें ७ मिलिमीटर-०८ किंवा २००७ सालचें ६.५ क्रीडमूर हीं काडतुसें चांगलीं. हीं घेतल्यास मूल मोठें झालें तरी काडतूस बदलावें लागत नाहीं. .३०-३० हें १८९५ पासूनचें जुनें काडतूस दाट रानांत, शंभर-सव्वाशें यार्डांपर्यंत, आजही भरंवशाचें आहे.

आपल्या राज्याचा नियम मात्र आधीं पाहावा. मध्य-पश्चिमेंतील सपाट, दाट वस्तीच्या कांहीं राज्यांत लांबवर जाणाऱ्या गोळीच्या भयानें रायफलीस पूर्वीं बंदी होती, व एकगोळी काडतुसाची छऱ्याची बंदूकच वापरावी लागे. तिचा धक्का तर.३०-०६ हूनही जबर. ओहायोनें २०१४ पासून व आयोवानें २०१७ पासून सरळ नळकांड्याच्या काडतुसांच्या रायफलीस हरणांच्या हंगामांत परवानगी दिली. २०१९ सालीं आलेलें .३५० लेजंड हें याच जातीचें असून, अशा राज्यांतील मुलांची त्यामुळें मोठी सोय झाली आहे.

गोळी शिशाची कीं तांब्याची, हाही विचार करावा. शिशाची गोळी हाडावर आदळून तिचे बारीक कण मांसांत पसरतात, व शिसें मुलांच्या मेंदूस अपायकारक आहे. कॅलिफोर्निया राज्यानें तर १ जुलै २०१९ पासून शिकारींत शिशाच्या गोळ्या पूर्णपणें बंद केल्या आहेत. घरांत तें मांस मुलेंबाळें खाणार असतील तर तांब्याची गोळी घेणें शहाणपणाचें. ती वजनानें थोडी हलकी घेतली तरी चालते, कारण ती फुटून विखुरत नाहीं.

यंत्ररचना

रायफलीचे चार प्रकार सामान्यतः पुढें येतात. पहिला बोल्टचा. यांत प्रत्येक बारानंतर हातानें बोल्ट मागें ओढून पुढें लोटावा लागतो. बोल्ट उघडा असला म्हणजे बंदूक रिकामी कीं भरलेली हें शेजारच्या माणसासही दिसतें. दुसरा मध्यें मोडणारा, एका बाराचा. हा सर्वांत साधा. एकच गोळी असल्यानें मूल घाई करीत नाहीं. परंतु याच्या कांहीं नमुन्यांत घोडा ताठ असतो, व लहान अंगठ्याखालून तो निसटण्याचें भय असतें. तिसरा खटक्याच्या दांड्याचा, म्हणजे १८९४ च्या विंचेस्टर किंवा १९४८ च्या मार्लिन ३३६ या घाटाचा. हा हलका व सुटसुटीत असला तरी भरलेल्या नळीवर घोडा अंगठ्यानें हळूच खालीं सोडावा लागतो, व थंडीनें गारठलेल्या कोंवळ्या बोटांस तें काम जोखमीचें आहे. चौथा आपोआप भरणारा. यांत धक्का कांहींसा कमी लागतो खरा, पण एक बार झाल्यावर दुसरी गोळी आपोआप नळींत येऊन बसते, व गडबडलेल्या मुलास त्याचें भान राहत नाहीं.

आमच्या मतें पहिल्या रायफलीस बोल्टचा प्रकार सर्वांत बरा, व त्याखालोखाल एका बाराचा. बोल्टच्या रायफलींतही पहिलें वर्षभर एकेकच गोळी भरूं द्यावी. चापाचा ताण तीन ते चार पौंड असावा. फार कडक चाप ओढतांना नेम ढळतो, व फार नाजूक चाप मुलाच्या हातीं घातक ठरतो. जुनी रायफल विकत घेण्यास हरकत नाहीं, मात्र ती जाणत्या कारागिराकडून तपासून घेतल्याशिवाय तींतून बार काढूं नये.

दुर्बीण साधी असावी. चौपट मोठें दाखविणारी किंवा दुपटीपासून सातपटीपर्यंत बदलणारी पुरे. ती डोळ्यापासून साडेतीन-चार इंच दूर ठेवूनही पूर्ण चित्र दिसलें पाहिजे. बापाच्या डोळ्यास जुळविलेली दुर्बीण मुलास जवळ पडते. म्हणून ती मुलाच्या गालाखालीं दस्ता ठेवूनच पुढेंमागें करून बसवावी.

सरावाचा क्रम

रायफल आणली कीं लगेच रानांत जाऊं नये. पहिले कांहीं आठवडे .२२ वर सराव करावा. तिला धक्का नाहींच म्हणावयाचा, व काडतुसेंही स्वस्त. श्वास अर्धा सोडून थांबणें, चाप झटक्यानें न ओढतां हळूहळू दाबणें, बार झाल्यावरही नजर नेमावरच ठेवणें, या तीन संवयी .२२ वरच लागतात. मोठी रायफल प्रथम वडील माणसानें नेमास जुळवून द्यावी. मुलास एका बैठकींत आठदहा बारांपेक्षां अधिक काढूं देऊं नयेत. खांदा दुखूं लागण्यापूर्वींच थांबावें. मधूनमधून त्याच्या नकळत, पण स्वतः नीट पाहून, पोकळ सरावी काडतूस भरून द्यावें. बार न होतांही बंदूक हालली तर मनांत धास्ती आहे असें समजावें, व न रागावतां पुन्हा .२२ कडे वळावें.

रानांत किती अंतरावरून बार काढावा याची कसोटी साधी आहे. जेवणाची आठ इंची कागदी थाळी लावावी. बसून, टेंकू घेऊन, ज्या अंतरावरून मूल पांचापैकीं पांच गोळ्या त्या थाळींत घालतें, तेंच त्याचें अंतर. तें साठ यार्ड असेल तर एकसष्टाव्या यार्डावरील हरीण त्याचें नव्हे. पहिल्या वर्षीं शंभर यार्डांपुढें जाऊंच नये. हरीण आडवें उभें असतांनाच बार काढावा. धांवतें, तोंड समोर करून उभें, किंवा झुडपाआड असलेलें हरीण सोडून द्यावें. सोडून देण्यास मुलास जो शिकवितो तोच खरा गुरु.

सुरक्षिततेचे नियम

विस्कॉन्सिनमध्यें १ जानेवारी १९७३ रोजीं किंवा नंतर जन्मलेल्या प्रत्येकास शिकारीच्या परवान्यापूर्वीं शिक्षणवर्गाचें प्रमाणपत्र घ्यावें लागतें. त्याशिवाय जावयाचें तर अनुभवी मार्गदर्शकाबरोबरच जातां येतें. प्रमाणपत्र असलें तरी बारा व तेरा वर्षांच्या मुलाबरोबर पालक असावा लागतो. अशा वर्गांत जे चार नियम घोकून घेतात ते असे : प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असें समजून वागावें. नळी नेहमीं निर्धोक दिशेस ठेवावी. आपलें लक्ष्य कोणतें व त्याच्या पलीकडे काय आहे हें निश्चित ओळखावें. बार काढण्याचा क्षण येईपर्यंत बोट चापाबाहेर ठेवावें.

यांतील तिसरा नियम शेतकऱ्याच्या मुलास विशेष लागू आहे. .२२ ची लहानशी गोळीदेखील मैलाहून अधिक जाते, आणि मोठ्या रायफलीची त्याहून पुष्कळच पुढें. मक्यापलीकडे कोणाचा गोठा असतो, कोणाचें घर असतें. म्हणून पाठीमागें मातीचा चढ नसेल तर बार नाहीं. हंगामांत अंगावर भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडा घालण्याची तेथें सक्ति आहे, व कंबरेवरील निम्मा तरी भाग त्यानें झांकलेला असावा लागतो. झाडावरील मचाणावर बसावयाचें तर आधीं कमरेस व खांद्यांस पट्टा बांधावा, आणि रिकामी रायफल दोरीनें मागाहून वर घ्यावी. घरीं आल्यावर रायफल कुलपांत, काडतुसें वेगळ्या कुलपांत, व किल्ल्या वडिलांच्या हातांत. "रायफल मुलाची" याचा अर्थ एवढाच कीं, ती त्याच्या मापाची आहे. ताबा मात्र वडिलांचाच.

हरीण पडल्यावर

बार झाल्यावर हरीण दिसेनासें झालें तर मुलास धांवूं देऊं नये. हरीण कोठें उभें होतें व कोणत्या दिशेस गेलें हें प्रथम मनांत पक्कें करावें, अर्धा तास थांबावें, मग रक्ताचा माग घेत हळूहळू जावें. गोळी पोटांत लागल्याचा संशय असेल तर कित्येक तास थांबणें बरें. घाईनें मागें लागलें कीं तें उठून पुन्हा पळतें. माग पुरता लागेपर्यंत शोध सोडूं नये, व शेजाऱ्याच्या हद्दींत जाण्यापूर्वीं त्याची परवानगी घ्यावी. मांस खाण्याविषयींही सावधगिरी हवी. हरणांना क्षीण करून मारणारा एक मेंदूचा रोग १९६७ सालीं कोलोरॅडोंत प्रथम आढळला, व २००२ सालीं तो विस्कॉन्सिनमध्यें आला. रोगग्रस्त भागांतील हरणाचें मांस तपासणीशिवाय खाऊं नये असा तेथील आरोग्यखात्याचा सल्ला आहे.

प्रश्नाचें उत्तर

आतां आमच्या बंधूंस सरळ उत्तर देतों. बोल्टची, बारा-साडेबारा इंची दस्त्याची, दुर्बिणीसह सुमारें सात पौंडांची, .२४३ ची रायफल घ्यावी. दस्त्यास चकत्या वाढविण्याची सोय असावी. पण ती यंदाच्या हंगामासाठीं घेऊं नये. प्रथम मुलाजवळ बसून, गेल्या वर्षींची चूक आपली होती हें त्यास स्पष्ट सांगावें. तें हरीण ज्या मक्यांत हरवलें त्याचें ओझें तो एकटाच वाहत आहे. त्यांतील आपला वांटा आपण उचलला म्हणजे त्याचा भार हलका होईल. नंतर बंदुकीची गोष्ट न काढतां त्यास रानांत नेऊन हरणांच्या वाटा, पाणवठे व चराईच्या जागा दाखवाव्यात. त्यानें होऊन .२२ मागितली तर सराव सुरू करावा. पांच गोळ्या थाळींत जाऊं लागल्या कीं मग नवी रायफल.

आणि त्यानें मागितलीच नाहीं तर ? तर सक्ति करूं नये. शेजाऱ्याचा मका राखण्यास दुसरे पुष्कळ हात आहेत. जनावराच्या वेदनेनें ज्याचें मन हललें तो मुलगा शिकारी झाला नाहीं तरी चांगला शेतकरी होईल. परंतु आमचा अनुभव असा कीं, मुलें धक्क्यास व अपयशास भितात, कामास भीत नाहींत. जूं मानेस बरोबर बसलें कीं बुजलेला गोऱ्हाही पुन्हा तासास लागतो. पुढील हंगामानंतर काय झालें तें आमच्या बंधूंनीं अवश्य कळवावें. इतर पालकांस त्याचा उपयोग होईल.